औषध घेता का?

उषाबाईंनी प्लॅस्टिकचं भांडं खिडकीच्या उजेडात धरलं, एक डोळा मिटला आणि दुसरा भांड्यावरच्या रेघेच्या समोर आणला.

"दीडशे," मीना सिस्टर त्यांच्या मागून म्हणाली आणि पलंगाला अडकवलेल्या तक्त्याकडे वळली.

"एकशे चाळीस. वरून बघितलं की दीडशे दिसतं. डोळा रेघेच्या बराबर आणावा लागतो."

मीनानं एकशे चाळीस लिहिलं. दोन दिवसांत तिला या बाईंशी वाद घालायचा नाही हे कळलं होतं. उषाबाईंनी अंकुशनगरजवळच्या आपल्या गावात दूध संकलन केंद्रावर एकोणीस वर्षं माप घेतलं होतं. नुसत्या ओतण्याच्या आवाजावरून त्या फेस किती आणि दूध किती ते सांगतात, असं गावात म्हणत. आता नवऱ्याची लघवी मोजायची वेळ आली, तरी हात तोच होता. फरक इतकाच, की इथं माप कमी भरलं म्हणून भांडायला कुणी येत नव्हतं, आणि माप रोज कमी भरत होतं.

भांडं धुऊन त्या पलंगापाशी आल्या. रामराव जागे होते.

"किती झालं?"

"एकशे चाळीस."

"फॅट किती लागलं?"

उषाबाईंना हसू आलं. रामरावांनाही आलं, पण हसलं की छातीचे टाके ओढत, म्हणून त्यांनी जवळची उशी दोन्ही हातांनी छातीशी दाबली आणि हसू आतच जिरवलं. साखर कारखान्याच्या बॉयलरवर चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला हा माणूस. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आणि एका सकाळी दाढी करताना त्यांचा डावा हात बधिर झाला. नवीन जालन्यातल्या या दवाखान्यात आणलं तर हृदयाच्या तीन नळ्या बंद निघाल्या. सहा दिवस वॉर्डात तपासण्या, मग सोमवारी बायपास. तीन दिवस आयसीयूत ठेवून गुरुवारी दुपारी त्यांना परत वॉर्डात आणलं होतं. आज शनिवार.

हृदय उत्तम चाललं होतं. सगळ्या दवाखान्याचं त्याबाबत एकमत होतं. बिघडलं होतं ते दुसरंच.

आठ वाजता डॉक्टर प्रियदर्शनी आल्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस, बोलणं हळू आणि शुद्ध, हातात कायम फाईल. त्यांनी तक्ता बघितला, रामरावांचे पाय दाबून सूज बघितली आणि उषाबाईंना जरा बाजूला घेतलं.

"मावशी, सगळी मोजताय ना? बाथरूमला गेले तर तिथली राहत नाही ना?"

"म्याडम, एक थेंब इकडंतिकडं न्हाई." उषाबाईंना हा प्रश्न चांगलाच झोंबला. "परवा अकराशे होती, काल सहाशे चाळीस. माझ्या हातानं मोजलीय."

"तसं नाही हो. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये किडनीला धक्का बसतो. पहिले चार-पाच दिवस डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. रक्तात एक आकडा असतो, किडनी घाण बाहेर टाकतेय की नाही ते त्यावरून कळतं. काकांचा ऑपरेशनच्या आधी एक पूर्णांक चार होता. आयसीयूत दीड. काल दोनच्या वर गेला, आज जवळपास तीन आहे." डॉक्टरांनी फाईलवर बोट ठेवलं. "आयसीयूत लघवी छान होती, दिवसाला अठराशे. वॉर्डात आल्यावरच का घसरतेय, तेच समजत नाही मला."

वॉर्डात म्हणजे उषाबाईंच्या हाती आल्यावर. डॉक्टर तसं म्हणाल्या नव्हत्या, पण उषाबाईंनी तसंच ऐकलं.

साडेआठला मोठे डॉक्टर राउंडला आले. त्यांच्यामागे प्रियदर्शनी आणि मीना. मोठ्या डॉक्टरांना फाईल उभ्या उभ्या वाचायची सवय होती.

"घरी कुठली औषधं चालू होती?"

"काहीच नाही, सर. मी दाखल करतानाच विचारलं होतं. मावशींनी अगदी ठामपणे नाही सांगितलं."

"घरात कुणाला किडनीचा त्रास?"

"लहान भाऊ किडनी बंद पडून गेला, सर. तरुणपणीच."

"मग झालं तर." मोठ्या डॉक्टरांनी फाईल मिटली. "घराण्यातच असणार. मुळातच कमजोर किडन्या, ऑपरेशनच्या ताणानं बसल्या. उद्या सकाळचा रिपोर्ट बघा. आकडा वर गेला तर मानेत नळी टाकून डायलिसिस सुरू करू. आणि यांना मुलगा आहे ना? त्याचीही रक्त-लघवी करून घ्या, सोनोग्राफी करा. अशा घरात आधीच कळलेलं बरं."

ते पुढच्या पलंगाकडे गेले. रामराव छताकडे बघत होते. उषाबाईंनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली, ती आधीच सारखी होती.

मानेत नळी. गावातल्या मिथुन न्हाव्याच्या बापाला अशी नळी टाकली होती. आठवड्यातून दोनदा त्याला जीपमध्ये घालून जालन्याला आणत, आणि एक दिवस आणायचं काम उरलं नाही. पण उषाबाई घाबरल्या त्या वेगळ्याच गोष्टीनं. त्यांनी हे असं माप उतरत जाताना एकदा बघितलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांचा दीर, भुजंग, इथंच जालन्यातल्या एका दवाखान्यात आठ दिवस पडून होता. तेव्हा नळीच्या पिशवीत बघायला त्याच जायच्या. पहिल्या दिवशी थोडी होती, तिसऱ्या दिवशी तळाशी ओल, नंतर काही नाही. त्याला काय झालं होतं हे घरात ठरलेल्या शब्दांत सांगितलं जाई: किडनी गेली. शब्द रामरावांनीच ठरवले होते, आणि घरात ते कुणी बदलले नाहीत.

नऊ वाजता रामरावांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. काही बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. उषाबाईंनी कमरेची चंची काढली, हिरव्या पाकिटातली ठणकाची गोळी तळहातावर घेतली आणि घोटभर पाण्याबरोबर त्यांच्या तोंडात टाकली.

ही गोळी घरात चौदा वर्षं होती. बॉयलरच्या लोखंडी शिड्यांनी रामरावांचे गुडघे गेले, तेव्हा फाट्यावरच्या मेडिकलवाल्यानं दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक, लोक चहा घेतात तशी. दाखल झाल्यावर ऑपरेशनच्या आधीचे सहा दिवसही उषाबाईंनी ती चुकू दिली नव्हती. आयसीयूत नातेवाइकांना सोडत नसत, तेव्हा तीन दिवस त्यांना बाहेरच्या बाकड्यावर एकच हुरहुर, की ह्यांच्या गुडघ्यांचं आत कोण बघत असेल. गुरुवारी वॉर्डात आल्या आल्या त्यांनी आधी गोळी दिली. मीना सिस्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पेशंटला बाहेरचं काही द्यायचं नाही. उषाबाईंनी ते तंतोतंत पाळलं होतं. बाहेरचा वडा नाही, की चहा नाही. गोळी तर घरची होती.

दुपारी शेजारच्या रिकाम्या पलंगावर नवा पेशंट आला. मुबारकभाई, फर्निचरचं काम करणारे, त्यांचीही पुढच्या आठवड्यात बायपास. बरोबर त्यांची बायको बदरुन्निसा. दहा मिनिटांत तिनं टेबलावर कापड अंथरलं, डबा ठेवला, आणि उषाबाईंना विचारलं, "दीदी, पानी किधर का भरते?" आणखी पाच मिनिटांत दोघींना एकमेकींच्या नवऱ्यांचे स्वभाव कळले होते.

"माझे बोलत न्हाईत," उषाबाई म्हणाल्या.

"मेरे चुप नै बैठते," बदरुन्निसा म्हणाली. "अदला-बदली करते क्या?"

मुबारकभाईंनी डोळे मिटूनच हात जोडले. उषाबाई सकाळपासून पहिल्यांदा जरा सैल झाल्या.

तेवढ्यात डॉक्टर प्रियदर्शनी कोरा फॉर्म घेऊन आल्या आणि शेजारच्या पलंगापाशी स्टूल ओढून बसल्या. नाव, वय, शुगर, आधी अटॅक आला होता का. मग त्यांनी विचारलं,

"खाला, चचा घर पे कौनसी-कौनसी दवाई लेते?"

"हौ, सब लाई ना मैं." बदरुन्निसानं कापडी पिशवी उलटी केली आणि पलंगावर गोळ्यांची पाकिटं सांडली. "ये शक्कर की. ये बीपी की. ये गॅस की, सुबू खाली पेट. और ये घुटनों की. ये रोज की है, इसके बगैर नमाज में बैठना नै होता इनसे."

उषाबाई केळं सोलत होत्या. त्यांनी सहज वळून बघितलं. डॉक्टरांच्या हातात हिरवं पाकीट होतं.

"ये कब से लेते?"

"बहोत साल हो गए, बेटा. दिन में दो."

"खाला, ये आज से बिलकुल बंद." डॉक्टरांचा आवाज चढला नाही, पण त्यांनी पाकीट दुमडून शेजारच्या डब्यात टाकलं. "ये सीधी गुर्दे पे, किडनी पे बैठती. दिल के ऑपरेशन के टाइम पे तो जहर है ये. अच्छा हुआ तुम लेके आई."

केळं अर्धं सोललेलंच राहिलं. उषाबाईंनी ते ताटलीत ठेवलं आणि त्या उठून खिडकीपाशी गेल्या. खाली रिक्षावाले स्टेशनच्या सवाऱ्या भरत होते. उषाबाईंना त्यातलं काही दिसत नव्हतं.

त्यांनाही विचारलं होतं. याच मुलीनं, अशाच फॉर्मवर, दाखल करायच्या दिवशी. त्यांना ते शब्दाशब्दानं आठवलं.

"मावशी, काका घरी काही औषध घेतात का?"

"न्हाई!" त्या इतक्या जोरात म्हणाल्या होत्या, की पलीकडच्या बाकड्यावरची माणसं वळली होती. "आमच्या घरात कुणीच घेतलं न्हाई कधी!"

डॉक्टरांनी जरा आश्चर्यानं बघून रकान्यात 'नाही' लिहिलं होतं.

उषाबाईंच्या गावात औषध कपाशीवर मारतात. औषधाचा डबा गोठ्यात उंचावर ठेवतात, लेकरांचा हात पोचू नये म्हणून. दवाखान्यातून मिळते ती गोळी, सुई, सलाईन, पातळ असेल तर बाटली. आणि कुणी औषध 'घेतलं' म्हटलं, की गाव हातातलं काम टाकून त्या घराकडे पळत सुटतं. त्या प्रश्नाला उषाबाई पंचवीस वर्षं 'न्हाई' म्हणत आल्या होत्या. पोलिसांना म्हणाल्या, सोयऱ्यांना म्हणाल्या, मुलाचं, हरिओमचं, लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्यांना म्हणाल्या. डॉक्टरांचा प्रश्न पुरता व्हायच्या आतच त्यांच्या तोंडून तो शब्द सुटला होता.

चंचीत अजून सहा गोळ्या होत्या. उषाबाईंनी बोटांनी चाचपून बघितल्या. ऑपरेशनच्या आधीच्या बारा धरल्या नाहीत, तरी वॉर्डात आल्यापासून चार दिल्या होत्या. आयसीयूत दिली नव्हती, आणि तिथं अठराशे भरत होती. दूध मोजणाऱ्या बाईला हा हिशोब कुणी समजावून द्यायला नको होता.

पहिला विचार आला तो सोपा होता. पाकीट खिडकीतून खाली टाकायचं, संध्याकाळची गोळी द्यायची नाही, गप्प बसायचं. माप आपोआप वर येईल. कुणाला कळणार नाही, की चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोनं आपल्या हातानं नवऱ्याची किडनी मारली. त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. पण सकाळी मानेत नळी टाकणार होते. आणि हरिओमला तपासायला पाठवणार होते, नसलेल्या रोगासाठी. त्यांना स्वतःची शरम वाटली.

त्या सिस्टरच्या टेबलापाशी गेल्या. डॉक्टर प्रियदर्शनी तिथं लिहीत होत्या. उषाबाईंनी हिरवं पाकीट त्यांच्या फाईलवर ठेवलं.

"ही म्या देऊ राह्यले. रोज दोन. आज सकाळी पण दिली."

डॉक्टरांनी पाकीट उचललं, उलटं केलं, परत सुलटं केलं.

"कधीपासून?"

"चौदा वर्षं."

"मावशी!" डॉक्टरांना राग आला आणि तो त्यांना लपवता आला नाही. "मी विचारलं होतं तुम्हाला. स्पष्ट विचारलं होतं, काही औषध घेतात का म्हणून. तुम्ही माझ्यावर खेकसून नाही म्हणालात!"

"तुमी औषध इचारलं," उषाबाई म्हणाल्या. "ही गोळी हाये."

"गोळी म्हणजे औषधच ना?"

 डॉक्टर उषाबाईंकडे बघत राहिल्या, आणि बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"गाव कुठलं तुमचं?"

"अंकुशनगरपासून कोसभर."

"मी अंतरवालीची," डॉक्टर म्हणाल्या. सात वर्षं घासूनपुसून ठेवलेली त्यांची भाषा एकदम खाली उतरली. "मावशी, तुमाला वाटलं, म्या त्या औषधाचं इचारलं?"

उषाबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"मला कळाया पाह्यजे होतं." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "दवाखान्यात शिकताना तोंडात बसलेला प्रश्न हाये हो तो. आमच्या माईला कुणी असं इचारलं असतं तर ती बी उठून गेली असती." मग त्या सरळ बसल्या आणि पुन्हा डॉक्टर झाल्या. "तुम्ही आज सांगितलंत हे फार बरं झालं. उद्या सांगितलं असतं तर उशीर झाला असता. आता ही गोळी नाही. तसली दुसरी कुठलीही नाही. गुडघ्यांना मी लावायचं मलम देते."

"मंग नळी टाकायची न्हाई ना?"

डॉक्टर उठल्या. त्या मोठ्या डॉक्टरांना फोन करायला कोपऱ्यात गेल्या आणि पाच मिनिटांनी परत आल्या.

"सर म्हणतात, नुसत्या गोळीनं झालं असेल तर बंद केल्यावर वळेल. दोन दिवस वाट बघता येईल. पण काकांच्या भावालाही किडनीचाच आजार होता ना, मग ही किडनी आधीपासूनच गेलेली असू शकते. तसं असेल तर वाट बघण्यात धोका आहे. पाणी फुप्फुसात साचतं. मग सकाळी नळी टाकलेली बरी." त्या थांबल्या. "म्हणून मला नीट कळायला हवं, भावाला नेमकं काय झालं होतं. आधीपासून काही त्रास होता का?"

उषाबाईंनी रामरावांच्या पलंगाकडे बघितलं. नवऱ्याची किडनी एका वाक्यावर टांगली होती, आणि ते वाक्य त्यांच्या मालकीचं नव्हतं.

"ते ह्यांना इचारा," त्या म्हणाल्या.

डॉक्टर संध्याकाळी पाच वाजता आल्या, भेटायला येणाऱ्यांच्या वेळेत. तोवर हरिओम आला होता. बियाण्यांच्या कंपनीत तो पॅकिंग विभागात होता, तिथूनच तडक आलेला. खालच्या खिडकीवरून त्याला तपासण्यांची चिठ्ठी मिळाली होती आणि ती त्यानं इतक्यांदा वाचली होती, की घडी मऊ पडली होती. त्याची बायको शालू माहेरी होती, सातव्या महिन्यात. तिला सांगावं की नाही, हेच तो आईला विचारत होता.

"आधी रिपोर्ट येऊ दे," उषाबाई म्हणाल्या. त्यांना त्याच्याकडे बघवत नव्हतं.

रामरावांनी एव्हाना दोनदा गुडघ्यावर हात ठेवला होता. दोन्ही वेळा उषाबाईंनी मलम लावलं होतं. गोळीचं सगळं त्यांना सांगून झालं होतं. ऐकून ते एवढंच म्हणाले होते, "खाल्ली म्याच की. तू काय जबरदस्तीनं घातली का?" आणि तोंड फिरवलं होतं. उषाबाईंना त्या एवढ्यावर रडू आलं होतं.

डॉक्टर पलंगाच्या कडेला उभ्या राहिल्या.

"काका, एक विचारायचंय. तुमच्या भावाबद्दल. त्यांना लहानपणापासून काही होतं का? अंगावर सूज, लघवीला त्रास, बीपी?"

रामराव खिडकीकडे बघू लागले.

"म्याडम, मी सांगतो," हरिओम म्हणाला. "काकाची किडनी फेल झाल्ती. आठ दिवसांतच गेले. मी ल्हान होतो तवा, पर घरात सगळ्यांला म्हाईत हाये."

"आठ दिवसांत?" डॉक्टर म्हणाल्या. "त्याआधी काहीच नाही?"

"न्हाई. एकदम झालं म्हणत्यात. म्हणून तर म्हणलं, माझं बी जल्दी तपासून घ्या." त्यानं चिठ्ठी पुढे केली. "शालूच्या पोटातलं लेकरू... त्याला बी होतंय का हे?"

रामरावांनी मुलाच्या हातातल्या चिठ्ठीकडे बघितलं. मग बायकोकडे. उषाबाई मान खाली घालून उभ्या होत्या. पलीकडे बदरुन्निसानं नवऱ्याशी चाललेलं बोलणं थांबवलं आणि पडदा ओढून घेतला.

"तू गप," रामराव हरिओमला म्हणाले. त्यांनी उशी छातीशी घेतली, जणू आता खोकायचं होतं. "म्याडम, त्याला कसलाच आजार नव्हता. उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. दोन दोन रात्री जागून गाडी कारखान्यावर आणायचा, आणि वर घरी येऊन कुस्ती खेळायचा."

डॉक्टरांनी फाईल मिटून धरली. घाई केली नाही.

"औषध घेतलं त्यानं," रामराव म्हणाले.

वॉर्डात कुणाचं तरी सलाईन संपल्याची घंटी वाजत होती. मीना तिकडे गेली आणि ती बंद झाली.

"रानातलं?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"हां. म्याच उचलून आणलं होतं त्याला. लोकांला किडनीचं सांगितलं. खोटं न्हाई ते, किडनीच गेली शेवटी." त्यांचा श्वास जरा चढला. "काहून घेतलं ते आजवर कळलं न्हाई. कुणाला काय सांगणार होतो."

"बस, काका. एवढंच हवं होतं मला." डॉक्टरांनी फाईलमध्ये एक ओळ खोडली आणि तिच्यावर दुसरी लिहिली. कोणती ते कुणी बघितलं नाही. "म्हणजे घराण्यात काही नाही. मी सरांना सांगते. आपण उद्या नळी टाकत नाही, वाट बघू. अजून धोका टळलेला नाही, पण वाट बघता येईल." मग हरिओमच्या हातातली चिठ्ठी त्यांनी हळूच काढून घेतली. "ही तुम्हाला नको."

त्या गेल्या. उषाबाईंनी पलंगाचा कठडा धरला होता, तो अजून सोडला नव्हता. त्यांना पंचवीस वर्षांचं काहीतरी उतरल्यासारखं हलकं वाटत होतं, पण पोराकडे बघायचा धीर होत नव्हता.

हरिओम रिकाम्या हातानं उभा होता.

"मला काहून सांगितलं न्हाई?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तू त्याच्या मांडीवर बसून स्टेरिंग धरायचा," रामराव म्हणाले. "तुला काय सांगू?"

हरिओमनं खिशाचं पेन काढलं आणि परत अडकवलं. मग खाली बघतच म्हणाला, "मी आपला समजत होतो, लई मोठा माणूस होता काका. वय काय होतं त्याचं?"

रामरावांनी मुलाकडे बघितलं. कानांवरचे दोन-चार पांढरे केस, कंपनीचा निळा शर्ट, खिशाला पेन. बघतच राहिले.

"अठ्ठावीस," ते म्हणाले. "तुझ्याहून ल्हान होता."